अंगठ्याच्या मुळातला सांधा बदलताना: इम्प्लांट घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर पुढे काय

बरणीचं झाकण फिरत नाही. ओले कपडे पिळताना कळ येते. लॅचची किल्ली फिरवायला डावा हात पुढे करावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने ही तीन गाऱ्हाणी एका दमात सांगितली, की आम्ही हाताचे थेरपिस्ट तिच्या बोटांकडे नंतर बघतो, आधी अंगठ्याच्या मुळाकडे बघतो. मनगटाच्या घडीच्या जरा पुढे तिथे बहुतेक वेळा एक टणक उंचवटा आलेला असतो. सांधा झिजला आहे आणि अंगठ्याचं हाड जागेवरून बाहेर सरकलं आहे, याची ती खूण.

हल्ली या बायका (पुरुषही येतात, पण कमी) एक प्रश्न सोबत घेऊन येतात: गुडघ्यासारखा अंगठ्याचाही सांधा बदलतात म्हणे, खरं का? खरं आहे. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड या देशांत ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे आणि आपल्याकडेही हाताचे सर्जन ती करतात. पण इम्प्लांटचा, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा, निकाल ऑपरेशनच्या टेबलावर जितका ठरतो, तितकाच त्याआधीच्या तपासण्यांत आणि नंतरच्या सहा आठवड्यांत ठरतो. म्हणून क्रमाने जाऊ.

आधी सांधा समजून घ्या

मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं ट्रॅपेझियम आणि अंगठ्याचं तळहातातलं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाकार्पल, या दोघांमधला हा सांधा. दोन्ही पृष्ठभाग खोगिरासारखे असून ते एकमेकांवर आडवे बसलेले असतात. त्यामुळे अंगठा पुढेमागे, आतबाहेर हलतो, थोडा वळतो आणि करंगळीपर्यंत पोचतो. एवढी मोकळीक असल्यामुळे हाडांची बसण सैल असते आणि सांधा जागेवर धरून ठेवायचं काम लिगामेंटना, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांना, करावं लागतं. वय, पाळी थांबणं, मुळातले सैल सांधे किंवा जुनं फ्रॅक्चर यांमुळे लिगामेंट ढिली पडली की मेटाकार्पल सरकायला लागतं आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत जाते.

या सांध्यावर किती भार येतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कूनी आणि चाओ या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७७ साली त्याचा हिशेब मांडला. अंगठ्याच्या टोकाने १ किलोच्या जोराने काही चिमटीत धरलं, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. घट्ट मुठीत तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. पुढे इम्प्लांट टिकतं का, सैल होतं का, असे प्रश्न येतील तेव्हा हे आकडे आठवा. इम्प्लांटचा गोळा ज्यात फिरतो त्या नखाएवढ्या वाटीला हा भार रोज झेलायचा आहे.

पायरी १: दुखणं नक्की त्याच सांध्याचं आहे ना

अंगठ्याच्या आसपास दुखणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गल्लत होते ती डी-क्वेरवेनच्या दुखण्याशी. त्यात अंगठ्याचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) मनगटाच्या हाडावरून जाताना सुजतात, म्हणून कळ मनगटाच्या घडीच्या वर, कोपराच्या बाजूला येते. सांध्याची कळ घडीच्या खाली, अंगठ्याच्या बाजूला येते. अंतर दोन बोटांचं, पण उपचार पूर्ण वेगळे. आमच्याकडे आलेल्या एका काकूंना वर्षभर चुकीच्या जागी इंजेक्शनं मिळाली होती आणि 'अंगठ्याला इंजेक्शन लागू पडत नाही' असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

डॉक्टर तपासताना अंगठ्याचं लांब हाड धरून सांध्यावर दाबतात आणि फिरवतात. करकर जाणवली आणि नेहमीचीच कळ आली तर संशय बळावतो. त्याच भेटीत या गोष्टीही पाहिल्या जायला हव्यात:

- बोटांना मुंग्या येतात का, रात्री हात झटकावा लागतो का. कार्पल टनेलचा त्रास, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं, या झिजेसोबत अनेकदा असतो.
- अंगठा मध्येच अडकून टक्कन सुटतो का. असेल तर ट्रिगर थंब, म्हणजे टेंडन अडकण्याचा त्रास.
- अंगठ्याचा मधला सांधा चिमटीत धरताना मागे वाकतो का. हा मुद्दा पुन्हा येणार आहे.
- सकाळी दोन्ही हातांची बोटं बराच वेळ आखडलेली राहतात का. तसं असेल तर आमवाताच्या रक्ततपासण्या आधी, बाकी सगळं नंतर.

शंका उरलीच तर सांध्यात थोडं भुलीचं औषध टोचतात. कळ तासाभरासाठी गेली तर दुखण्याचं मूळ तिथेच आहे असं धरता येतं.

पायरी २: ऑपरेशनआधीचे उपाय नीट करून बघा

'सगळं करून झालं' म्हणणाऱ्यांना मी विचारते, स्प्लिंट कुठला वापरला? उत्तर बहुधा मेडिकलच्या दुकानातल्या लवचिक पट्ट्याचं असतं. त्याने ऊब मिळते, आधार फारसा नाही. हवा तो स्प्लिंट हातावर माप घेऊन, गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा बनवतात. तो अंगठ्याचं मूळ धरतो आणि मनगट व अंगठ्याचं टोक मोकळं सोडतो, त्यामुळे घालून काम करता येतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या सांध्यासाठी अशा आधाराची जोरदार शिफारस आहे.

त्याच्या जोडीला व्यायाम. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम या सांध्यासाठी उलटा पडतो, दाब वाढतो. अंगठा आणि तर्जनी यांमधला, चिमटल्यावर टणक लागणारा स्नायू मालिशने सैल करणं आणि तर्जनी बाहेरच्या बाजूला ताणणाऱ्या स्नायूची ताकद वाढवणं, यावर भर हवा. तो दुसरा स्नायू मेटाकार्पलला जागेवर खेचून धरतो.

घरातल्या वस्तू बदलणं हेही उपचारच आहेत. जाड मुठीची सुरी आणि उलथनं, जाड पेन, झाकणाखाली रबरी चकती. पिळायचा कपडा नळाला अडकवून दोन्ही तळहातांनी पीळ द्यायचा, चिमटीने नाही. पातेलं सांडशीने उचलण्यापेक्षा दोन कानांचं घ्यावं. डायक्लोफिनॅक जेल चोळल्याने बऱ्याच जणींना बरं वाटतं आणि गोळ्यांएवढा पोटाला-किडनीला त्रास नसतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. ते घेतलं असेल तर सर्जनला तारखेसकट सांगा. जंतुसंसर्गाचा धोका नको म्हणून अनेक सर्जन इंजेक्शन आणि इम्प्लांट यांत तीनेक महिने जाऊ देतात.

हे सगळं मनापासून तीन ते सहा महिने केल्यावर बऱ्याच जणी ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवतात. झीज तशीच राहते, पण त्रास सोसण्याइतका होतो. एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी त्रास नसेल तर कापाकापी करू नये. ऑपरेशन माणसाचं होतं, फिल्मचं नाही.

पायरी ३: एक्स-रेमध्ये काय बघतात

साधा हाताचा एक्स-रे पुरत नाही, कारण अंगठा तळहाताच्या पातळीत नसतो. हात उलटा वळवून अंगठ्याची पाठ फिल्मवर टेकवून काढलेला फोटो लागतो, त्याला रॉबर्ट्स व्ह्यू म्हणतात. सोबत बाजूने काढलेला दुसरा. रिपोर्टमध्ये 'ईटन स्टेज' लिहिलेली असते. ईटन आणि लिटलर यांनी १९७३ मध्ये ही वर्गवारी केली. पहिल्या पायरीत सांधा जवळपास नॉर्मल दिसतो, दुसरीत फट कमी होऊन हाडाचे लहान कण दिसतात, तिसरीत फट जवळजवळ संपते आणि हाडाची टोकं वाढतात. चौथ्या पायरीत ट्रॅपेझियमच्या दुसऱ्या बाजूचा, स्कॅफॉइड या मनगटाच्या हाडाकडचा सांधाही झिजलेला असतो.

इम्प्लांट करायचं म्हटलं की सर्जनची नजर दोन गोष्टींवर असते. एक, ट्रॅपेझियमची उंची. वाटी याच हाडात बसवायची असते आणि हाड साधारण ८ मिलीमीटरपेक्षा बुटकं झालं असेल तर ते वाटी धरणार कसं? दोन, तो पलीकडचा सांधा. तोही दुखत असेल तर इम्प्लांटनंतर अर्धं दुखणं शिल्लक राहील. फोटोत झीज दिसते पण तिथे दुखत नाही, अशा वेळी मतं वेगवेगळी आहेत आणि काही सर्जन इम्प्लांट करतात. शंका असेल तर सीटी स्कॅन सांगितला जातो, तो करून घ्यावा.

पायरी ४: पर्याय एकमेकांशेजारी ठेवून बघा

सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे ट्रॅपेझियम काढून टाकणं. ब्रिटनमध्ये गर्व्हिस यांनी १९४९ मध्ये त्यावर लिहिलं. घासायला हाडच उरत नाही, त्यामुळे कळ जाते. पुढे १९८६ मध्ये बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी मनगटाच्या एका टेंडनचा भाग घेऊन लिगामेंट नव्याने बांधायची आणि उरलेल्याची गुंडाळी रिकाम्या जागेत भरायची पद्धत मांडली. वर्षानुवर्षं ती अनेक ठिकाणी पहिली पसंती होती. पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत या पद्धतींमध्ये कुठलीच दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. तुमचे सर्जन 'फक्त हाड काढू, टेंडनचं काही नको' म्हणाले तर ते हात राखून उपचार करताहेत असं समजू नका.

या मार्गातली अडचण वेळेची आहे. चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, मग ताकद परत यायला तीन ते सहा महिने, काहींना वर्षसुद्धा. अंगठा थोडा आखूडही होतो.

दुसरा मार्ग सांधा कायमचा जोडून टाकण्याचा. तरुण आणि जड काम करणाऱ्यांसाठी तो अजूनही विचारात घेतला जातो, कारण पकड भक्कम मिळते. मात्र तळहात टेबलावर सपाट टेकत नाही. भाकरी थापणाऱ्या हाताला ते फार जाणवतं.

आणि तिसरा मार्ग इम्प्लांटचा. त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे, कारण इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच भीतिदायक गोष्टी जुन्या इम्प्लांटच्या आहेत. स्वॅन्सन यांचं सिलिकॉन इम्प्लांट ट्रॅपेझियमच्या जागी बसवलं जाई. घासून त्याचे कण सुटत आणि त्या कणांनी आजूबाजूला सूज येई, हाडात पोकळ्या पडत. फ्रान्समध्ये द ला काफिनिएर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा खुब्यासारखा गोळा-वाटीचा सांधा अंगठ्यात आणला. तो सिमेंटने बसवत आणि कालांतराने ट्रॅपेझियममधली वाटी सैल होण्याचं प्रमाण बरंच होतं. मग सिमेंटशिवाय बसणाऱ्या वाट्या आल्या. त्यांच्यावर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडातल्या खनिजाचा थर असतो, त्यावर हाड चिकटून वाढतं. धातूवर धातू घासणाऱ्या बनावटींनी पुन्हा निराशा केली. पायरोकार्बनच्या चकत्याही आहेत. त्या दोन हाडांमध्ये ठेवतात, पण काही प्रकारांत त्या निसटतात. पॉलिमरच्या पट्टीने काही रुग्णांत शरीराची उलटी प्रतिक्रिया दिसली आणि तिचा वापर मागे पडला.

आज 'अंगठ्याचं इम्प्लांट' म्हणताना बहुतेक सर्जनच्या मनात असतो तो ड्युअल मोबिलिटी प्रकार. ही कल्पना मूळची खुब्याची. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचे सर्जन जील बुस्के यांनी १९७०च्या दशकात ती मांडली. मेटाकार्पलमध्ये धातूची दांडी, तिच्यावर मान, मानेच्या टोकाला बारीक धातूचा गोळा. हा गोळा पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्यात खटकन बसवलेला असतो आणि तो मोठा गोळा ट्रॅपेझियममधल्या गुळगुळीत धातूच्या वाटीत फिरतो. म्हणजे हालचाल दोन ठिकाणी होते. जुन्या प्रकारात छोटा गोळा वाटीच्या काठावरून सहज निसटे. आता निसटायला मोठ्या गोळ्याला बरंच अंतर चढून जावं लागतं, त्यामुळे सांधा निखळण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं आहे. टच, माया, मूव्हिस ही यातली परिचित नावं. पाच ते दहा वर्षांच्या पाठपुराव्याच्या अनेक अहवालांत ९० टक्क्यांहून अधिक इम्प्लांट जागेवर असल्याचं दिसतं. मात्र हे अहवाल बहुतांशी हेच काम वर्षानुवर्षं करणाऱ्या युरोपीय सर्जनचे आहेत, हे विसरू नये.

मग फरक काय पडतो? पहिल्या तीन-चार महिन्यांत ट्रॅपेझियम काढलेल्यांपेक्षा इम्प्लांटवाले पुढे असतात: प्लास्टर कमी, चिमटीची ताकद लवकर, अंगठ्याची लांबी कायम. वर्ष उलटलं की दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी होतं. आणखी एक मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात वजनदार आहे. इम्प्लांट बिघडलं तर ते काढून ट्रॅपेझियम काढायचा मार्ग उघडा राहतो आणि निकालही बहुधा चांगला येतो. आधी ट्रॅपेझियम काढून टाकलं तर वाटी बसवायला हाडच उरत नाही. म्हणून इम्प्लांटचा विचार करायचाच असेल तर तो आधी करावा लागतो. घाई करा असा याचा अर्थ घेऊ नका.

पायरी ५: तुमच्या हाताला ते जमेल का

इम्प्लांट चांगलं मानवतं ते अशांना: पन्नाशी-साठीच्या पुढचं वय, ईटनच्या तिसऱ्या पायरीची झीज, ट्रॅपेझियम पुरेसं उंच, घरकाम, ऑफिस, शिवण, शिकवणं अशा स्वरूपाची कामं आणि लवकर हात मोकळा होण्याची खरी गरज. एकट्या राहणाऱ्या किंवा घरात आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला दीड महिन्याचं प्लास्टर परवडत नाही, आणि हे कारण वैद्यकीय कारणाइतकंच खरं आहे.

हातोडा, पान्हा, फावडं रोज चालवणाऱ्यांनी सावध राहावं. वाटी सैल होण्याची भीती तिथे जास्त. हाड खूप ठिसूळ असेल, कुठे जंतुसंसर्ग असेल, आमवाताने हाडं पोखरली असतील, तर सर्जन बहुधा नकोच म्हणतील. मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. ८ च्या आत असावं असा अनेक ठिकाणी आग्रह असतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात. मिश्री लावणाऱ्या बायका 'तंबाखू नाही' असंच सांगतात, म्हणून मी ती वेगळी विचारते.

अंगठ्याचा मधला सांधा मागे वाकतो का, हे आधी पाहिलं होतं. तो ३० अंशांहून जास्त वाकत असेल तर मुळाचा सांधा बदलूनही चिमटीत जोर चुकीच्या दिशेने जात राहतो. त्याचं काय करणार, हे ऑपरेशनआधीच ठरायला हवं.

खोट्या दागिन्यांनी कानाला, गळ्याला खाज येते किंवा पुरळ उठतं का? असेल तर सर्जनला सांगा. काही इम्प्लांटच्या धातूत निकेल असतं.

पायरी ६: सर्जनशी आणि हॉस्पिटलशी बोलणं

एक कागद सोबत न्या आणि लाजू नका. हाताची शस्त्रक्रिया ही ऑर्थोपेडिक्स आणि प्लास्टिक सर्जरी दोन्हींतून शिकता येते, त्यामुळे पाटीवरची पदवी बघण्यापेक्षा हे विचारा:

- तुम्ही हे इम्प्लांट नियमित करता का, की हाड काढण्याची पद्धत जास्त करता?
- माझ्यासाठी कुठलं, आणि तेच का? त्याचे सगळे साइझ ऑपरेशनच्या दिवशी हाताशी असतील का?
- बसवताना ट्रॅपेझियमला तडा गेला तर त्याच वेळी काय कराल? (उत्तर 'हाड काढून टाकू' असं असू शकतं. त्या शक्यतेला तुमची आधीच संमती हवी.)
- नंतरची थेरपी कोण देणार?

पहिल्या प्रश्नाला 'दुसरी पद्धत जास्त करतो' असं प्रामाणिक उत्तर मिळालं तर त्या सर्जनकडून ती दुसरी पद्धत करून घेणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. सवयीच्या हाताचं जुनं ऑपरेशन नवशिक्या हाताच्या नव्या इम्प्लांटपेक्षा मला कधीही चालेल.

पैशाचं बोलताना इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. २०१७ मध्ये सरकारने किमतीवर जी मर्यादा घातली ती गुडघ्याच्या इम्प्लांटसाठी होती, अंगठ्याचं इम्प्लांट तिच्यात येत नाही. विमा असेल तर टीपीएकडे (विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) पूर्वमंजुरी मागताना ब्रँडचं नाव आणि अंदाजपत्रक जोडा, 'हाताचं ऑपरेशन' एवढंच लिहू नका. इम्प्लांट आयात केलेलं असेल तर त्याची भारतात नोंदणी आहे ना, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डिस्चार्जच्या वेळी वाटी, दांडी, मान या प्रत्येकाचा स्टिकर फाइलमध्ये लावलेला आहे ना ते बघा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी एखादा भाग बदलायची वेळ आली, किंवा एमआरआय करायची वेळ आली, तर तो कागदाचा चिटोरा लाखमोलाचा ठरतो.

पायरी ७: ऑपरेशनच्या दिवशी

अंगठ्या आणि बांगड्या आदल्या दिवशीच काढा, सुजलेल्या हातातून नंतर निघत नाहीत. नखांना मेंदी-पॉलिश नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा.

बहुधा काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात. काही ठिकाणी फक्त चिरेच्या जागी भूल देऊन, रक्त थांबवायचा पट्टा दंडाला न आवळता करतात. साधारण तासाभराचं काम. अंगठ्याच्या मुळाशी तीन-चार सेंटिमीटरची चीर घेतात. तिथेच अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणाऱ्या नसेच्या बारीक फांद्या असतात, त्या जपून बाजूला धरतात. मेटाकार्पलच्या टोकाचा काही मिलीमीटरचा काप काढतात, वाढलेलं हाड तासतात.

पुढचा टप्पा सगळ्यात नाजूक. ट्रॅपेझियमच्या बरोबर मध्यभागी एक बारीक तार रोवतात आणि सी-आर्मवर, म्हणजे टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर, बघतात. पडद्यावर ते हाड मोठं दिसतं, प्रत्यक्षात त्यात ९-१० मिलीमीटरची वाटी बसवायची असते आणि चारही बाजूंना भिंत शिल्लक ठेवायची असते. तार तिरकी वाटली तर काढून पुन्हा रोवतात; इथे घालवलेली पाच मिनिटं पुढची दहा वर्षं वाचवतात. मग खड्डा कोरून वाटी हलक्या ठोक्यांनी दाबून बसवतात. मेटाकार्पलमध्ये दांडी जाते. वेगवेगळ्या लांबीच्या माना लावून अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत नेऊन बघतात, ओढून बघतात. मान आखूड झाली तर सांधा निखळू शकतो. लांब झाली तर सगळं ताणलं जातं, टेंडन दुखतात आणि वाटीवर भार वाढतो.

पायरी ८: पहिले सहा आठवडे

प्रत्येक सर्जनचा शिरस्ता वेगळा असतो. कुणी काही दिवस जाड बँडेजवर भागवतात, कुणी दोन-तीन आठवडे स्प्लिंट देतात. तुमच्या सर्जनने जे सांगितलं ते खालच्यापेक्षा वरचढ.

पहिले तीन-चार दिवस हात छातीच्या वर ठेवायचा. झोपताना उशीवर, बसताना सोफ्याच्या पाठीवर. झोळीत लोंबकळत ठेवला तर बोटं सुजतात. चारही बोटं पहिल्या दिवसापासून पूर्ण मिटायची-उघडायची, कोपर आणि खांदा हलवायचा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.

टाके निघाल्यावर अंगठ्याची खरी हालचाल सुरू होते. आम्ही ती मोजतो ती कापांजी नावाच्या फ्रेंच सर्जनच्या पट्टीवर. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला लागलं की ३ गुण, मधल्या बोटाला ४, अनामिकेला ५, करंगळीच्या टोकाला ६. मग करंगळीवरून खाली एकेका घडीला ७, ८, ९ आणि तळहातावरच्या रेषेपर्यंत पोचलं की १०. आपापलं मोजता येतं आणि आठवड्याला गुण वाढताना दिसले की हुरूपही येतो. जोर लावून, दुसऱ्या हाताने ढकलून पोचायचं नाही. तसंच तळहातावर रेलून उठायचं नाही, खुर्चीवरून उठताना तर हटकून तसं होतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जेवण, लिहिणं, मोबाईल, बटणं, हलकी भांडी. ताटलीत मटकी आणि हरभरे मिसळून एकेक वेचायला देते, त्याने चिमूट परत येते आणि जोर पडत नाही. व्रणावर खोबरेल तेल लावून गोल मालिश. अंगठ्याच्या पाठीला झिणझिण्या येत असतील तर त्या भागावर आधी मऊ कापड, मग टॉवेल असं हळूहळू घासून सवय लावायची. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवतं.

सहा आठवड्यांनी एक्स-रे. सगळं जागेवर असेल तर कणीक मळणं, किल्ली, कुकर. स्कूटर तोवर नको, कारण अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींत अंगठ्याच्या मुळावर पीळ येतो आणि अचानक ब्रेक दाबायची वेळ सांगून येत नाही. भरलेली बादली, कपडे पिळणं, नारळ फोडणं हे तीन महिन्यांनंतर. सगळं छान वाटायला लागतं ते दुसऱ्या महिन्यात, आणि घाई होते तीही तेव्हाच.

काय बिघडू शकतं आणि कधी फोन करायचा

जखम लाल होऊन ठणकते, स्राव येतो, ताप येतो: त्याच दिवशी. खट्ट आवाज होऊन अंगठ्याचा आकार बदलला, हालत नाही: सांधा निखळला असण्याची शक्यता, त्याच दिवशी. लवकर गेलं तर अनेकदा बाहेरूनच बसवता येतो. स्वतः ओढून बघू नका.

मनगटाच्या घडीच्या वर दुखू लागलं तर डी-क्वेरवेन. अंगठ्याची लांबी परत आल्याने टेंडन ताणले जातात, म्हणून या ऑपरेशननंतर ते बऱ्यापैकी दिसतं. बहुधा स्प्लिंट आणि वेळ पुरतो, क्वचित इंजेक्शन लागतं. घाबरून इम्प्लांट बिघडलं असं समजायचं कारण नाही.

वाटी सैल होणं मात्र गुपचूप होतं. महिनोन्‌महिने बरा असलेला अंगठा भार पडताना खोलवर दुखायला लागतो, सकाळी कमी, कामानंतर जास्त. पडून हातावर आपटल्यावरही दुखणं असंच सुरू होऊ शकतं. अशा वेळी जुने एक्स-रे सोबत न्या, कारण वाटी तिरकी झाली की नाही हे शेजारी-शेजारी ठेवूनच कळतं. आणि काहीच दुखत नसलं तरी पहिल्या वर्षानंतर एकदा, मग सर्जन सांगतील त्या अंतराने फोटो काढत राहा.

दुसऱ्या हाताचा अंगठाही बऱ्याच जणींचा दुखत असतो. दोन्ही एकदम करायचा हट्ट धरू नका. पहिल्या हाताने कणीक मळता यायला लागली की मग दुसऱ्याची तारीख मागा, आणि तोवर त्या हाताला स्प्लिंट.